विसार देण्याआधी सेप्टिक टँकची कागदपत्रे पाहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुने घर विकत घेताना कोणती कागदपत्रे पाहावीत, याविषयी आपल्या दैनिकाच्या वास्तुपुरवणीत वेळोवेळी उपयुक्त माहिती येत असते. सातबारा, आठ-अ, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, तीस वर्षांचा शोध अहवाल, बँकेचा बोजा, घरपट्टीच्या पावत्या ही यादी आता घर घेणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असते आणि त्यामुळे फसवणुकीचे अनेक प्रसंग टळतही असतील. मात्र ज्या घराला गटारवाहिनीची जोडणी नाही, त्या घरातील मैला जातो कोठे, त्यासाठी बांधलेली टाकी कोणी, कोणत्या मापाची आणि कोणाच्या मंजुरीने बांधली, ती शेवटची कधी उपसली, या प्रश्नांना त्या यादीत जागा मिळालेली मी आजवर पाहिलेली नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातील सुमारे ३८ टक्के घरे सेप्टिक टँकवर अवलंबून होती आणि नळगटाराला जोडलेली घरे त्याहून कमी, म्हणजे ३३ टक्क्यांच्या आत होती. खेड्यांत तर गटारवाहिनी क्वचितच आढळते. तेव्हा हा विषय मूठभर बंगलेवाल्यांचा आहे असे कोणी समजू नये.

मी हे अनुभवावरून लिहीत आहे आणि त्या अनुभवात चूक माझी स्वतःचीच होती, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरी तालुक्यातील एका गावात चिरेबंदी घर आणि त्यामागील विहिरीसह सहा गुंठे जागा घेतली. घर पाहिले ते मे महिन्यात, म्हणजे चाकरमानी गावी येतात, घरे पाहतात आणि आंब्याच्या पेटीबरोबर विसारही देऊन जातात त्या दिवसांत. वकिलांनी शोध अहवाल दिला, हद्दीची मोजणी झाली, विहीर बारमाही आहे याची खात्री मी शेजारच्या तीन घरांतून करून घेतली. टाकी कोठे आहे, असे मी फक्त एकदा विचारले. विकणाऱ्या गृहस्थांनी मागच्या परसात माडाच्या बाजूला हात दाखवला आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, "अठरा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." मीही ते घराचे कौतुक म्हणूनच ऐकले.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात विहिरीच्या पाण्याला किंचित वास येऊ लागला. पालापाचोळा कुजला असेल म्हणून आधी आम्ही विहीर उपसून घेतली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले, आठ दिवस बरे गेले आणि वास पुन्हा आला. शेवटी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक तपासणीची छोटी बाटली घेऊन आले. तिच्यात खुणेपर्यंत विहिरीचे पाणी भरून त्यांनी ती आमच्या देवळीत ठेवली आणि उद्या-परवा रंग बघा, असे सांगून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठलेल्या पत्नीने मला हाक मारली. बाटलीतले पाणी पाटीवरच्या काळ्या रंगासारखे झाले होते. पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असले की त्या बाटलीतील द्रव्याचा रंग असा पालटतो.

मग परस खणले. निघाले ते असे : टाकी म्हणून जी दाखवली होती ती जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला एकच खड्डा होता. त्याला आतून गिलावा नव्हता, तळाला काँक्रीट नव्हते, बाहेर पडणारी नळी नव्हती आणि वेगळा शोषखड्डाही नव्हता. त्या खड्ड्याच्या कडेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत टेप लावला तेव्हा अंतर भरले साडेसात मीटर. जांभा दगड किती सच्छिद्र असतो हे कोकणातील माणसाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर आली की खड्ड्यातले पाणी आणि विहिरीचे पाणी यांत चिऱ्यांच्या भोकांखेरीज काहीही उरत नाही. अठरा वर्षांत टाकी उपसावी लागली नाही, कारण ती अठरा वर्षे जमिनीत रिकामी होत राहिली.

येथे सेप्टिक टँकचे काम थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते, कारण त्याविषयीचा गैरसमज हेच या फसगतीचे मूळ आहे. नीट बांधलेली टाकी ही पाणी न झिरपणारी असते. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेरच्या नळीने शोषखड्ड्यात जाते. म्हणजे वापरात असलेली धडधाकट टाकी बाहेरच्या नळीच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असली पाहिजे, आणि तळाचा गाळ वाढत जाणार असल्याने ती साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते. ज्या टाकीचे झाकण उघडल्यावर पाणी त्या नळीच्याही फूटभर खाली दिसते ती बहुधा कोठेतरी गळत असते, आणि जी कधीच उपसावी लागत नाही ती एकतर गळत असते किंवा तिची नळी थेट पऱ्ह्यात, नाल्यात अथवा रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडलेली असते. भारतीय मानक २४७० या संहितेत टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, क्षमता किमान १ घनमीटर आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी, असे दिलेले आहे. याच संहितेच्या दुसऱ्या भागात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून किमान ६ मीटर दूर असावा, असे सांगितले आहे. गोव्यात बांधकाम परवान्यासोबत हे अंतर १५ मीटर असावे अशी अट सर्रास घातली जाते. आमच्या साडेसात मीटरला यांतला कोणताही हिशेब लागू पडत नव्हता.

देशावर गोष्ट वेगळी पण परिणाम तोच. काळ्या मातीत पाणी जिरतच नाही, म्हणून शोषखड्डा उन्हाळ्यात कसाबसा चालतो आणि आषाढात तुंबतो. त्याच संहितेत जमिनीची जिरवणक्षमता मोजण्याची रीत आहे : ठरावीक मापाचा खड्डा खणून, आधी माती भिजवून, पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर ती जागा शोषखड्ड्याला योग्य समजायची नाही. ही चाचणी करून शोषखड्डा बांधलेले एकही घर माझ्या पाहण्यात नाही, हे खेदाने नमूद करतो. निदान घर पाहायला पावसाळ्यात एकदा जावे, एवढे तरी घेणाऱ्याच्या हातात असते.

आता कागदपत्रांकडे वळतो. नगरपालिका, नगरपंचायत किंवा प्राधिकरणाच्या हद्दीतील घराच्या मंजूर नकाशात टाकी आणि शोषखड्डा यांची जागा दाखवलेली असायला हवी. नकाशा हा बांधायचे ठरवलेल्या गोष्टींचा असतो, बांधलेल्या गोष्टींचा नव्हे, म्हणून त्याच्याबरोबर पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे आणि या तिन्हींवरील तारखा व मापे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. मधल्या काळात वरचा मजला चढवलेला असेल, तर त्याची वाढीव परवानगी घेतली होती का, आणि घेतली असल्यास टाकीचे माप वाढवले का, हा प्रश्न हमखास विचारावा. पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर पुढे चार खोल्यांचे होमस्टे चालू होते आणि दर शनिवार-रविवारी पंधरा माणसे येऊन जातात, हे कोकणात आता नेहमीचे चित्र आहे. आत राहणाऱ्यांची संख्या तिप्पट झाली तरी जमिनीखालच्या टाकीला त्याची खबर कोणी दिलेली नसते.

गावठाणातील घरांची स्थिती अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ खाली बांधकामाला पंचायतीची परवानगी लागत आली आहे, परंतु जुन्या परवानग्यांच्या जोडीला नकाशा असतोच असे नाही, आणि असला तरी त्यावर 'संडास' एवढाच चौकोन असतो. तरीही दप्तर पाहणे सोडू नये. विकणाऱ्याकडे प्रती नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. बयाण्याची घाई एवढी असते की ३० दिवस कोणाला थांबवत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मलाही थांबवले नव्हते. मी नंतर अर्ज केला. "सदर मालमत्तेच्या शौचकूप व टाकीबाबत या कार्यालयात अभिलेख उपलब्ध नाही," एवढे एका ओळीचे उत्तर आले. हेच उत्तर खरेदीखतापूर्वी हातात असते तर मी निदान टाकीचे झाकण उघडायला लावले असते. अभिलेख नसणे हीसुद्धा घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठी माहिती असते.

उपसण्याच्या पावत्या हा दुसरा पुरावा. टँकरवाला, मग तो पालिकेचा असो की खासगी, पावती देतो किंवा मागितल्यास देऊ शकतो, आणि गेल्या सहा वर्षांत अशा दोन पावत्या दाखवणारा घरमालक भेटला तर त्याच्या टाकीवर विश्वास ठेवायला जागा आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपालिकांनी या बाबतीत घालून दिलेला पाठ आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. तेथे टाकी तुंबल्यावर टँकर बोलावण्याऐवजी, शहरातील सगळ्या टाक्या तीन वर्षांच्या फेरीत क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू झाली आणि उपसलेला मैलागाळ प्रक्रिया केंद्रावर नेला जाऊ लागला. स्वच्छतेसाठी हे चांगलेच, पण घर घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यातला खरा लाभ वेगळा आहे. घरोघरी जाऊन टाकी उपसायची म्हणजे कोणत्या मालमत्तेची टाकी कोठे आहे, तिचे झाकण उघडते का आणि ती कधी उपसली याची नोंद ठेवावीच लागते. अशी नोंद एकदा तयार झाली की ती घरपट्टीच्या उताऱ्याला जोडणे ही फार अवघड गोष्ट राहू नये.

माझा पुतण्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो. गेल्या वर्षी त्याने घर बदलले तेव्हा फोनवर तो व्याजदराइतकाच 'टायटल फाइव्ह'विषयी बोलत होता. तेथे १९९५ पासून असा नियम आहे की सेप्टिक व्यवस्था असलेले घर विकायचे तर विक्रीपूर्वीच्या दोन वर्षांत तिची परवानाधारक निरीक्षकाकडून तपासणी झालेली असली पाहिजे. दरवर्षी टाकी उपसल्याच्या पावत्या असतील तर तो अहवाल तीन वर्षे चालतो. अहवाल गावाच्या आरोग्य मंडळाकडे जातो आणि कोणालाही पाहता येतो. नापास झालेली व्यवस्था दुरुस्त करण्याचा खर्च कोणी करायचा, हे मग विकणारा आणि घेणारा सौद्यातच ठरवून टाकतात. तिकडचे सगळे इकडे आणावे असे माझे म्हणणे नाही, तिकडच्या थंडीत जमीन गोठते आणि आमच्या पावसात ती फुगते. पण विक्रीची वेळ हीच तपासणीची वेळ, हे तत्त्व मात्र कोणत्याही हवामानात चालण्यासारखे आहे.

कायद्याने घेणारा अगदीच उघड्यावर आहे असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळू न शकणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र या वाक्यातले 'माहीत असलेला' आणि 'साधारण काळजी' हे दोन शब्दप्रयोग मला माझ्या वकिलांनी बोट ठेवून वाचून दाखवले. आमच्या विकणाऱ्यांना ते घर वडिलांकडून मिळाले होते, खड्डा कसा बांधला आहे हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते, आणि मी झाकण उघडायला सांगितले नव्हते. त्यांच्यावर मी दावा लावला नाही आणि आजही त्यांना दोष देत नाही. नव्या गृहप्रकल्पात खरेदी करणाऱ्याला स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) च्या कलम १४ चा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील किंवा पुरवलेल्या सेवांतील दोष दाखवून दिला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. जुन्या घराच्या व्यवहारात असे काही नसते. म्हणून साठेखतातच टाकीची जागा, मापे, शोषखड्ड्याचे विहिरीपासूनचे अंतर आणि शेवटच्या उपशाची तारीख विकणाऱ्याच्या निवेदनासह लिहून घ्यावी आणि हाताने काढलेला का होईना, एक नकाशा परिशिष्ट म्हणून जोडावा. वकिलाला यासाठी अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. टाकी तपासायची म्हणजे कोणालाही आत उतरवायचे नाही, वाकून डोकवायचे नाही आणि आत काय आहे ते दिसावे म्हणून काडी तर मुळीच ओढायची नाही. टाकीत साचणारा एक वायू पेट घेतो आणि दुसरा माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो. या दुसऱ्या वायूचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही हा समज जीवघेणा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला असून पहिल्या वेळीही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अशा कामात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. घर विकत घेतले की त्याबरोबर ही जबाबदारीही आपल्या नावावर होते. तपासणी बाहेर उभे राहूनच करता येते. मी भाचीच्या घराच्या वेळी एका लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळला, झाकण उघडून बराच वेळ वारा जाऊ दिला आणि बांबू सावकाश तळापर्यंत सोडून वर घेतला. काळा, घट्ट थर पंच्यावर जेथपर्यंत चढतो तेवढा गाळ. तो पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाच्या आसपास गेला असेल तर टाकी उपसायला झाली, असे साधारणपणे मानतात.

या भाचीच्या घराविषयी थोडे सांगून पत्र संपवतो. पुण्याच्या हद्दीलगतच्या एका गावात ती बैठे घर घेत आहे. मालकांनी दाखवलेल्या मंजूर नकाशात टाकी घराच्या डाव्या सामासिक अंतरात (घर आणि हद्द यांमधील मोकळ्या जागेत) होती आणि तिला दोन झाकणे होती. जागेवर पाहिले तर तेथे गाडी उभी करण्यासाठी सलग फरशी घातलेली. टाकीतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप भिंतीच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून त्याचे तोंड सिमेंटने बंद केलेले, कारण विचारता "वरून दिसायला बरे नव्हते" असे उत्तर मिळाले. उपशाची पावती नव्हती. टाकी कधी उपसली, असे विचारल्यावर मालक हसून म्हणाले, "गरजच पडली नाही हो." भाचीने माझ्याकडे पाहिले. आम्ही विसाराचा धनादेश परत पिशवीत ठेवला आणि फरशी काढून झाकणे मोकळी करण्याची विनंती केली. मालक आधी रागावले, मग त्यांनी स्वतःच गवंडी बोलावला. पहिले झाकण उघडल्यावर बांबूने पाहता आले आणि टाकीचा तो कप्पा पाण्याने नळीपर्यंत भरलेला निघाला, हे त्यातल्या त्यात बरे झाले. दुसरे झाकण अजून निघालेले नाही, त्यावर फरशीखाली काँक्रीटचा थर आहे. येत्या रविवारी उपसणारा टँकर ठरला आहे. टाकी रिकामी झाल्यावर आतल्या बाजूचा गिलावा आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड वरूनच विजेरीच्या उजेडात पाहायचे, नळी शोषखड्ड्याकडे जाते की मागच्या ओढ्याकडे, हे दहा बादल्या पाणी सोडून तपासायचे, आणि मगच विसारपावतीवर सही करायची, असे दोन्ही पक्षांत ठरले आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
रत्नागिरी